काळं बोंडलं

काचेच्या कपाटांची मला शिसारी आहे. कुणाच्या दिवाणखान्यात आतून दिवे लावलेलं, मागे आरसा बसवलेलं कपाट दिसलं की मी त्याच्याकडे पाठ करून बसते. मित्रमंडळी हसतात. हसोत. मी जुन्या वस्तूंच्या लिलावांसमोर पावसात फलक धरून उभी राहिले आहे, शेकड्याने पत्रकं लिहिली आहेत आणि त्या प्रत्येक पत्रकात पहिल्या ओळीपासून दुसऱ्यांवर ओरडले आहे, तेही अस्खलित जर्मनमध्ये. हे प्रकरण मराठीत लिहिते आहे, कारण यात ओरडायचं आहे ते माझ्यावर, आणि ते आईला वाचता आलं पाहिजे.

ही शिसारी ज्या कपाटापासून सुरू झाली त्याचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर. बाबांचे साहेब. स्टुटगार्टच्या मोठ्या गाडीवाल्यांना झडपा पुरवणारी त्यांची छोटी कंपनी होती आणि बाबा तिथे मी पाच वर्षांची असल्यापासून इंजिनियर. माझ्या दादाला मुलगी झाली तेव्हा क्रेमरनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. टेकडीवरचं घर, एकशे बारा पायऱ्या, वर पोचेपर्यंत बाबांचा शर्ट ओला. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी बटाटे उकडले होते. नुसते बटाटे, डोंगरभर, वर कोथिंबिरीच्या ऐवजी पार्सली. म्हातारा एकटा होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बाळासाठी त्याने लोकरीची टोपी स्वतः दुकानात जाऊन निवडून आणली होती. हे मी मुद्दाम लिहिते. पत्रकात मी त्याला कधी टोपी आणू दिली नसती.

जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं. आत मातीची मुंडकी. बायकांची, पोरांची, धडावेगळी केलेली, तारेच्या काड्यांवर खोचलेली. दिवे, छोट्या बाटल्या, एका ताटलीत गंजलेल्या टाचण्या. सगळं 'खालच्या इटलीतलं', ग्रीक लोक तिथे जाऊन राहिले होते त्या काळातलं. क्रेमर तोंडाने श्वास घेत एकेक वस्तू बाहेर काढत आणि तिच्यावरून अंगठा फिरवत. तो अंगठा मला अजून दिसतो. रुंद, तेलकट, जणू वस्तू नाही, कुणाची मांडी चोळतोय. एक काळं, चकचकीत, मुठीएवढं भांडं त्यांनी कानाशी नेऊन खुळखुळवलं. आत वाळलेली माती होती. "ऐकलंत? दोन हजारांहून जास्त वर्षांची माती!" ते म्हणाले. "दिव्यात तेल घालायचं भांडं आहे हे."

"अय्या," आई म्हणाली, "बोंडलं!"

"काय म्हणाल्या?" क्रेमरनी मला विचारलं. दुभाषी नेहमी मीच. आईचं जर्मन बेकरीपुरतं आणि जिन्याच्या साफसफाईच्या पाळीपुरतं. मी सांगितलं की आमच्याकडे लहान बाळाला दूध पाजायला तोटीचं छोटं भांडं असतं, चांदीचं किंवा पितळेचं, त्याला बोंडलं म्हणतात.

"त्यांना सांग, दिव्यात तेल ओतायला एवढीशी तोटी कशाला लागते? आणि टोक बघ, कसं गोल केलंय. हिरडीला लागू नये म्हणून." एवढं बोलून आईने ते भांडं साहेबांच्या हातातून सरळ काढून घेतलं, डावा कोपर वाकवून तिथे नसलेलं एक बाळ निजवलं आणि भांडं तिरकं केलं. तोटी बरोबर त्या नसलेल्या ओठांशी गेली. पुढे मी या विषयावरची जाडजाड पुस्तकं वाचली, पण त्या भांड्याचा अर्थ त्या दोन सेकंदांत लागला तसा मला कुठल्याच पुस्तकात लागलेला नाही.

क्रेमर हरखून गेले. "मग ते तुमच्या नातीचं! घेऊन जा. हो, हो, गेनाऊ, अगदी बरोबर, तिच्यासाठीच होतं ते!" बाबांचा चेहरा असा फुलला की जणू बढतीचं पत्र हातात पडलंय. मी तेव्हा हायडेलबर्गला पुरातत्त्व शिकत होते, आणि त्याच आठवड्यात तिथल्या विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर एका लिलावाच्या दारात उभी होते. जुन्या वस्तू देशात आणताना कागदपत्रं दाखवा असा कायदा व्हायचा होता, व्यापारी आणि संग्राहक 'आम्हाला लुटारू समजता का' म्हणून गळे काढत होते, आणि माझ्या हातातल्या पत्रकावर माझंच वाक्य छापलं होतं: 'कागद नसलेली वस्तू घेऊ नका, देऊ नका, कौतुकाने हातातही धरू नका.' तो ताजा गठ्ठा माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत 'आज नको गं' एवढंच होतं. मी हसले आणि साहेबांचं 'घेऊन जा' आईला मराठीत सांगितलं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, खाली एस-बान, म्हणजे इथली लोकल, वळणावर कर्कश ओरडत जायची आणि तिच्यापाठोपाठ आमच्या कुकरची शिट्टी व्हायची. त्या दिवसांत घरभर अळीव आणि डिंकाचा वास होता. मृणालवहिनीची आई पुण्याहून आली होती आणि आई नि त्या मिळून सूनबाईला खाऊ घालण्याची चढाओढ करत. बाराव्या दिवशी व्हायचं बारसं त्यांच्या व्हिसापायी चाळिसाव्या दिवसावर गेलं होतं. मध चाटवायचा नाही, पाणी पाजायचं नाही, असं घरी तपासायला येणाऱ्या हेबामे, म्हणजे सुईणबाईंनी, बजावलं होतं. मग असं ठरलं की बारशाला मृणालचंच दूध काढून त्याचे दोन थेंब काळ्या बोंडल्याने पाजायचे. आईने हे मनावर घेतलं होतं. "आपलं चांदीचं बोंडलं असतं तर प्रश्नच नव्हता," वहिनीच्या आई म्हणाल्या. "ते पुण्यातच राहिलं," आई म्हणाली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाट पुण्यात राहिला, पुरणयंत्र पुण्यात राहिलं, बोंडलं पुण्यात राहिलं. सामानाच्या वजनात जे बसलं नाही ते काकूकडे राहिलं, इतकाच त्याचा अर्थ मी घेतला होता.

बोंडलं धुतलं मी. आईने गरम पाण्यात खायचा सोडा घालून ते दुपारभर भिजवलं, आणि मी बाटल्या घासायचा ब्रश आत खुपसून खसाखसा फिरवला. तपकिरी पाणी येतच राहिलं. मातीचे गोळे, त्यात पांढुरके, नखाएवढे तुकडे. मुळं असतील, मी म्हटलं. सिंकच्या जाळीत चहाच्या चोथ्यावर ते अडकले, ते बोटांनी वेचून मी बिओम्युलच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या, डब्यात टाकले. केळ्याच्या सालीवर. चौदा वर्षं या देशात काढल्यावर कचऱ्याचं वर्गीकरण चुकत नाही. बोंडलं आरशासारखं चमकायला लागलं. गळ्याभोवती रंगवलेली पानांची बारीक वेल दिसायला लागली. आईने ते बाळाच्या मऊ दुपट्याने पुसून देवांच्या शेजारी ठेवलं.

पुढच्या मंगळवारी हायडेलबर्गला वर्गातल्या बाईंनी पडद्यावर एक चित्र लावलं. उथळ खड्डा, त्यात हातभर लांबीचं काहीतरी, वाळलेल्या पानाच्या शिरांसारखं. मग डोळ्यांना कळलं की या फासळ्या आहेत. डोक्याच्या बाजूला, कानाला टेकून, एक काळं तोटीचं भांडं. बाई म्हणाल्या, "ही भांडी तेलाची की दुधाची यावर पुष्कळ वाद झाले. पण ती कुठे मिळतात ते बघा. पुन्हा पुन्हा अशा लहान थडग्यांत. वस्तू काय आहे हे तिचं रूप अर्धंच सांगतं, उरलेलं ती कुणाच्या शेजारी होती ते सांगतं." मग त्या म्हणाल्या, आत माती असेल तर देवाशपथ ती धुवू नका. त्या मातीत, मडक्याच्या भिंतीत दुधाचा अंश सापडू शकतो. कधी चुकून आत गेलेलं दुसरंही काही. "धुतलेलं भांडं म्हणजे पानं फाडून नुसतं पुठ्ठ्याचं ठेवलेलं पुस्तक."

मी बाहेर जाऊन नळाखाली हात घासले. बोटांना चहाचा चोथा लागल्यासारखं वाटत होतं. ते तुकडे मुळं होती, चुन्याचे खडे होते की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. कधी कळणारही नाही. लुटीचा खरा गुन्हा तो हाच. चोर माती उकरून भांडं उचलतो आणि बाळ फेकून देतो. उरलेलं काम माझ्यासारखी शिकलेली पोरगी सोडा घालून पुरं करते.

त्या दिवशी मी आईला एक फोन केला असता तर काम झालं असतं. आई, ते वापरू नका, मी येऊन सांगते. दहा सेकंदांचं वाक्य. पण फोनला प्रेक्षक नसतात. बारशाला क्रेमर येणार होते, बाबांचे सहकारी येणार होते, आणि मला त्या सगळ्यांसमोर ते भांडं हातात धरून बोलायचं होतं. शनिवारी, बारशाच्या दिवशी सकाळी, आगगाडीत बसून मी ते भाषण वहीवर लिहिलं, दोन विशेषणं खोडली, तीन वाढवली. स्वतःची एवढी किळस मला पुढे क्वचितच आली.

चर्चच्या मागचा भाड्याचा हॉल, घडीचा पाळणा, त्याला झेंडूऐवजी पिवळ्या कागदाच्या माळा. मोठ्या टोपात घुगऱ्या वाफाळत होत्या. क्रेमर पहिल्या रांगेत, सुटात, मांडीवर घुगऱ्यांची द्रोणवजा कागदी वाटी. बायकांनी पाळण्याखालून बाळ देणं-घेणं केलं, नाव कानात सांगून झालं, पाठीत धपाटेही घालून झाले. मृणालवहिनी बाळ घेऊन बसली. आईने ताटातून काळं बोंडलं उचललं, त्यात दूध ओतलं आणि हसून क्रेमरकडे पाहिलं. त्यांनी टाळी वाजवली. तोटी बाळाच्या ओठांपासून वीतभर असेल.

"थांब," मी म्हणाले. "ते थडग्यातलं आहे. मेलेल्या बाळाच्या तोंडचं ओरबाडून आणलंय ते."

आधी मराठीत म्हणाले, मग जर्मनमध्ये, म्हणजे कुणी सुटू नये. पुढचं भाषण करायची गरजच उरली नाही. वहिनीने बाळ छातीशी ओढलं, ते किंचाळून रडायला लागलं. वहिनीच्या आई उभ्या राहिल्या. "शी शी शी! प्रेताचं भांडं! अहो फेका ते आधी! विहीणबाई, हात धुवा!" कुणीतरी विचारलं की आता घुगऱ्या खाव्यात की नाही. कुणीतरी मोबाइलवर गुरुजींना विचारून घेतो म्हणाला. एक काका हलक्या आवाजात म्हणाले, "किंमत काय असेल हो याची?" थडगं कुणाचं, ते कुणी फोडलं, का फोडलं, हे एकानेही विचारलं नाही. विटाळ झाला याची घाण वाटली, चोरीची नाही. आणि मी कुणाला नावं ठेवू? विटाळाचीच भीती घालून मी त्यांना घाबरवलं होतं. थडगं हा शब्द पहिला टाकला की हॉलचं काय होईल, हे मला गाडीतच माहीत होतं.

"हे काय चाललंय, रेवा?" दादा जर्मनमध्ये ओरडला. चिडला की तो जर्मनमध्येच चिडतो. "माझ्या मुलीचं बारसं आहे. तुझा मोर्चा नाही."

क्रेमर शांत होते. त्यांनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं. "बाळ, हे सगळं थडग्यांतूनच येतं," ते मला म्हणाले. "माझ्या कपाटातलं आणि तुमच्या संग्रहालयांतलंही. तुम्हाला काय वाटलं, त्या लोकांनी टपालाने पाठवलं?" मग आईकडे हात पुढे करून, "द्या. नको असेल तर परत नेतो मी." हात तसाच पुढे राहिला. आईने दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या हातातल्या बोंडल्याच्या तोटीतून दूध थेंब थेंब तिच्या जरीच्या काठावर गळत होतं. रागावलेली आई मला ओळखता येते. ती रागावलेली नव्हती.

बाबा मधे पडले. "सोमवारी मी स्वतः आणून देतो, हेर क्रेमर. माफ करा." घरी येताना गाडीत बाबा फक्त एवढंच बोलले: "पत्रकवाली बाई, आमच्या घराचं पत्रक झालं आज."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घुगऱ्यांचा टोप घासत होती. मी माफी मागायला गेले होते. पण माझी माफीसुद्धा भाषणासारखीच निघाली, त्यात व्यापारी आले, कायदा आला. आईने नळ बंद केला.

"ते कुठे ठेवलेलं असतं?" तिने विचारलं.

"काय?"

"बोंडलं. बाळाच्या कुठल्या बाजूला?"

मी चित्रात पाहिलं होतं ते सांगितलं. डोक्याजवळ. कानाला टेकून.

"उशाशी," आई म्हणाली. टोपाच्या तळाला चिकटलेला हरभरा तिने नखाने काढला. "आम्हीपण उशाशीच ठेवलं."

मग तिने सांगितलं. दादानंतर आणि माझ्याआधी एक मुलगी झाली होती, तीन महिन्यांची होऊन गेली. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी जायचं नसतं, बाबा आणि काका घेऊन गेले. निघताना आईने दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या डोक्याशी चांदीचं बोंडलं खोचलं. सासूबाई म्हणाल्या, चांदी आहे, राहू दे. आई म्हणाली, वाटेत भूक लागेल तिला. "ते पुण्यात राहिलं," आई म्हणाली, "म्हणजे तसं राहिलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात ते काळं बघितलं ना, तेव्हा मला आधी तेच आठवलं. म्हटलं, चला, आपलं नाही तर कुणाचं तरी बाहेर आलं. पण बाहेर कसं आलं ते माझ्या मनातच आलं नाही बघ. आपलं कुणी उकरेल असं वाटतं का कधी?"

मी हॉलमध्ये कोणते शब्द वापरले होते ते मला त्या ओट्याशी उभं राहून पुन्हा ऐकू आले. मेलेल्या बाळाच्या तोंडचं. ती भाषा मी तीन विशेषणं वाढवून घडवली होती, आणि ती नेमकी कुणाला जाऊन लागली? त्या घरात थडग्याचा अर्थ जिला सगळ्यांहून जास्त माहीत होता, तिला.

सोमवारी बाबा चॉकलेटचा डबा घेऊन निघाले तेव्हा आई म्हणाली, "अहो, मीपण येते." दुभाषी म्हणून मला घेतलं. पुन्हा एकशे बारा पायऱ्या. क्रेमरनी कपाट उघडून ठेवलं होतं, आतल्या काचेवर धुळीत एक स्वच्छ गोल दिसत होता, बोंडल्याची जागा. आईने पिशवीतून भांडं काढलं, पण खाली ठेवलं नाही. "वोहेर?" तिने विचारलं. कुठून? बेकरीतल्या जर्मनमधून तिने तेवढाच शब्द उचलून आणला होता.

क्रेमरनी खणातून व्यापाऱ्याचा कागद काढला आणि मी वाचून दाखवलं: जुन्या दक्षिण जर्मन खाजगी संग्रहातून.

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीचं कुणी विचारत नाही, फ्राऊ गद्रे."

"व्यापाऱ्याने तुम्हाला बोंडल्याने दूध पाजलं," आई मराठीत म्हणाली, "आणि तुम्ही प्यायलात. एवढे मोठे होऊन." मला म्हणाली, "हे सांग त्यांना." मी सांगितलं, शब्दन् शब्द, एकही विशेषण न घालता. क्रेमर लालबुंद झाले. आईने भांडं दुपट्यात गुंडाळून परत पिशवीत ठेवलं. "अहो, चला." बाबा चॉकलेटचा डबा धरून मधोमध उभे होते. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा त्या पिशवीकडे. त्या दिवशी पुण्यात दुपटं त्यांनीच उचललं होतं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि ते आमच्या मागून पायऱ्या उतरायला लागले. पुढे निवृत्तीपर्यंत साहेब त्यांना जेवणाच्या सुट्टीत 'माल्त्साइट', म्हणजे जेवणवेळचा कोरडा नमस्कार, एवढंच म्हणाले. जेवायला कधी बोलावलं नाही.

अशा वस्तू जमा करून घेणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथे आम्ही दोघी गेलो. खिडकीतल्या बाईंनी भांडं पांढऱ्या कागदावर ठेवलं, आत छोटी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "धुतलंय?" मी म्हणाले, हो, मी धुतलं. त्यांनी मान हलवून तसं लिहिलं. मग माझ्यापुढे फॉर्म सरकवला. प्रकार, मी लिहिलं. माप, लिहिलं. साहित्य, लिहिलं. त्याखाली रकाना होता: सापडल्याचं ठिकाण. या एका रकान्यासाठी मी एवढी पत्रकं लिहिली होती, आणि आता त्यात लिहायला माझ्याकडे एकच शब्द होता. मी लिहिलं, अज्ञात.

"काय लिहिलंस?" आईने विचारलं. मी सांगितलं.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा वर केला आणि माझ्या शब्दाखाली, रकान्याच्या रेघेबाहेर जाऊन, देवनागरीत लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म फिरवून पाहिला. "हे काय आहे? याचं भाषांतर लागेल."

मी भाषांतर केलं. त्यांनी ते खाली जर्मनमध्ये नीट उतरवून घेतलं, शिक्का मारला.

बाळाच्या उशाशी.